चौकातला चोथा

काढा गाळून झाला की मडक्यातला चोथा सासूबाई काळ्या पिशवीत बांधतात आणि मागच्या दाराने कुठेतरी नेतात, हे निंगश्वेने पाहिलं होतं. का, ते विचारलं नव्हतं. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिला एवढं कळलं होतं की थान मंडळींना प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं असतं.

त्या सकाळी सासूबाई गहू आणायला गेल्या होत्या. काढ्यात दुकानातला गहू चालत नव्हता, ओळखीच्या शेतातला, न भिजलेला हवा होता. नवरा औषधी मुळ्यांचा ट्रक घेऊन कान्सूला गेलेला. घरात ती, छातीशी बांधलेली तिची तान्ही मुलगी, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले सासरे. झोपलेले नव्हे, पडलेले. हा फरक ती आता श्वासावरून ओळखू शकत होती. बाळाचा श्वास ऐकायचा आणि मग दाराशी जाऊन त्यांचा ऐकायचा, असं तिचं दिवसभर चाललेलं असे.

डॉक्टर थान वनशान. बोझोऊच्या या गल्लीत त्यांच्या वडिलांपासूनचं औषधाचं दुकान. हिवाळ्यात मेंदूला लहानसा झटका येऊन गेला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, उजव्या हाताची तीन बोटं मात्र बधिर राहिली. नेमकी नाडी बघायची तीन. त्यांनी दुकानाला फळ्या लावल्या, आणि गावाबाहेरच्या शेतांत शाओयाओची फुलं फुलली तरी त्या काढल्या नाहीत. आधी जेवण कमी झालं, मग बोलणं. मग एके दिवशी पेज घेऊन गेलेल्या निंगश्वेला ते शांतपणे म्हणाले, "सकाळी मला उठवत जाऊ नका. नाही उठलो तर बरंच आहे." तेव्हापासून ती श्वास ऐकत होती.

काढा तिने गाळला, झाकून ठेवला. मडक्यात गरम चोथा. आपणही काहीतरी करावं असं तिला वाटलं, आणि तिला वूशीची आठवण झाली. तिथे तिची आई काय करायची, तर आजाऱ्याच्या काढ्याचा चोथा नेऊन रस्त्याच्या मधोमध ओतायची. येणारे-जाणारे तो तुडवतात, आजार त्यांच्या तळव्यांबरोबर पांगून जातो, कुणालाच पुरेसा उरत नाही. कॉलेजात असताना निंगश्वे याला हसली होती. आता तिने बाळाच्या टाळूवर टोपी ओढली, मडकं उचललं आणि चौकात जाऊन नीट मधोमध पालथं केलं. वाफ निघाली. तिला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

"हे इथे टाकायला कुणी सांगितलं तुला?"

कोपऱ्यावर तिळाच्या रोट्या भाजणारी सुन काकू चिमटा हातात धरून उभी होती.

"आमच्याकडे टाकतात, काकू. लोकांनी तुडवावं म्हणून."

"तुमच्याकडे लोक तुडवतात. आमच्याकडे वाचतात," काकू हळूच म्हणाली. "जा, झाडू आण. पटकन."

पण तोवर मुळ्या निवडायला बाजारात निघालेल्या दोघी बायका थांबल्याच होत्या. या गावात पोरं अक्षरांच्या आधी मुळ्या ओळखायला शिकतात. एकीने चपलेच्या टोकाने चोथा जरासा पसरला.

"छायहू आहे. शाओयाओ. गहू, बोरं."

"आणि शिरीषाची फुलं किती ती. मूठभर. कुणाच्या मनाला एवढी गाठ बसलीय?"

दोघींनी एकदम मान वर करून फळ्या लावलेल्या दुकानाकडे पाहिलं. मग निंगश्वेकडे, मग बाळाकडे. आणि त्या निघाल्या. जाताना दोघींनीही चोथ्याला वळसा घातला. त्यांच्यातल्या एकीनेही त्यावर पाय ठेवला नाही.

*

"चौकात?" पेइलानने गव्हाची पिशवी खाली ठेवली नाही. ती हातातच राहिली. "मधोमध?"

"आई, मला खरंच माहीत नव्हतं."

पेइलानला ओरडता आलं असतं. सून आधीच पांढरी पडली होती, तिच्या अंगावरचं पोर कुरकुरत होतं, आणि स्वैपाकघराच्या दारात हफेहून आत्ताच उतरलेली मुलगी, वेइलान, बॅग खांद्यावरून न काढता उभी होती. वेइलान तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात औषधं द्यायच्या विभागात होती आणि आईने पहिल्या शब्दाला आवाज चढवला की दुसऱ्या शब्दाला ती स्वतः चढवायची, हे लहानपणापासूनचं.

"त्यात एवढं काय झालं, आई? लोकांना कळलं. कळू दे."

"तुला काय जातंय कळू दे म्हणायला. तू उद्या हफेला जाशील. मला भाजी इथेच घ्यायचीय."

पण भाजीचं खरं नव्हतं. पेइलानच्या डोळ्यांसमोर दुकानाचा गल्ला होता आणि गल्ल्यामागे तरुण वनशान. रडं थांबत नाही, झोप लागत नाही, घास गिळवत नाही असं सांगणारी बाई आली की तो आधी बाकीच्यांना बाहेर बसवायचा. पुड्या बांधताना शिरीष सगळ्यात खाली घालायचा, वरून संत्र्याच्या सालींचा थर. आणि पुडी हातात देताना प्रत्येकीला एकच वाक्य, "चोथा रस्त्यावर टाकू नका. कुंडीत पुरा." अर्ध्या गल्लीच्या कुंड्यांत काय पुरलंय हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. ज्याने सगळ्यांचं झाकलं, त्याचंच आज उघड्यावर पडलं होतं, आणि तेही त्याच्याच घरच्या मडक्यातून.

"वहिनी," बाहेरून हाक आली, "येऊ का? की आजही मागच्या दाराने?"

वनलिन. वनशानचा धाकटा भाऊ, तोही डॉक्टर. काढ्याची भुकटी करून, गरम पाण्यात ढवळून प्यायच्या पुड्या विकायला त्याने सुरुवात केली, त्या वर्षापासून थोरल्याने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मागे कधी नाव काढावंच लागलं तर 'तो पुडीवाला' म्हणायचा. पण आपल्याच घरच्या माणसाची नाडी बघायची नाही, स्वतःची तर नाहीच, ही या घराची शिस्त. आणि गावात वनशानचा विश्वास बसेल अशी दुसरी बोटं एकाच माणसाची होती, कारण ती त्यानेच तयार केली होती. म्हणून पेइलान कुणालाही न विचारता जाऊन त्याला घेऊन आली होती. भाऊ म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून. त्यामुळे दोघं अजूनही एकमेकांशी बोलत नव्हते.

"पुढच्याच दाराने ये," पेइलान म्हणाली. "आता मागचं काय राहिलंय."

आतल्या खोलीत वनलिनने भावाचं मनगट छोट्या उशीवर घेतलं, तीन बोटं टेकवली, डोळे मिटले.

"वहिनी, यांना विचारा, झोप लागली का?"

"त्याला सांग," भिंतीकडून आवाज आला, "माझी झोप त्याच्या बापाची नाही."

"त्याचा आणि तुमचा बाप एकच होता," पेइलान म्हणाली. "आणि तो दोघांना एकाच काठीने मारायचा. सरळ सांगा की."

"नाही लागली."

वनलिनने दुसरं मनगट घेतलं. मग जीभ बघितली. मग उशी बाजूला ठेवली.

"काढ्याने पोट थोडं सैल झालंय," तो म्हणाला. "पण मी एक सांगतो, आणि वहिनी, रागावू नका. वेइलानने हफेहून मनाच्या आजारावरच्या ज्या गोळ्या आणल्यात, त्या सुरू करायच्या."

पेइलानला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे तुझ्या औषधाचं काय?"

"तेही चालू दे. पण माझं औषध पायी चालतं. त्याला आठवडे लागतात. दादा सुनेला काय बोलले ते ऐकल्यापासून मला आठवड्यांची भीती वाटतेय."

"मी तुला घरात घेतलं ते हे ऐकायला?"

"वहिनी, मी तुमच्या बाजूने आलोय की पोरीच्या, हे तुम्ही नंतर ठरवा. मी यांच्यासाठी आलोय."

वेइलान इतका वेळ दाराला टेकून उभी होती. काकांशी भांडायची ती गाडीतून तयारी करून आली होती. मुळ्या उकळून माणूस उठत नाही, हे वाक्य तिने मनात घोळवून ठेवलं होतं. आता त्याचं काय करावं तिला कळेना.

"काका, तुमच्या काढ्यात काय काय आहे ते मी आमच्या डॉक्टरांना दाखवलं," ती शेवटी म्हणाली. "या गोळीबरोबर ते चालेल म्हणाले. पण मधेच एकही मुळी बदललीत तर आधी मला सांगायचं. सगळंच सगळ्याबरोबर चालत नाही."

"बरं. तू गोळी वाढवलीस तर तू मला सांग."

"झालं तुमचं?" वनशान उठून बसला होता. कित्येक दिवसांत स्वतःहून पहिल्यांदाच. "दोघांनी वाटून घेतलं मला? आता माझं ऐका. बाहेर काय झालंय ते मला कळलंय. भिंतींना कान नसले तरी मला आहेत. सुनबाईवर कुणी चिडायचं नाही. पण आजपासून मी ना याचा काढा घेणार, ना तुझ्या गोळ्या. मला असाच राहू द्या."

"मग उद्या सकाळच्या गाडीने हफे," वेइलान म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला. "तिथे भरती करू. इथे तुम्हाला असंच ठेवून मी जाणार नाही."

"तिकडे नेऊन कोंडतील त्यांना," पेइलान म्हणाली. "ते परत येणार नाहीत, वेइलान. शरीराने आले तरी."

वनशान पुन्हा भिंतीकडे वळला होता.

*

संध्याकाळी वेइलान वडिलांजवळ बसली. शिरीषाच्या फुलांचा गोडसर, जुन्या कपाटासारखा वास खोलीत राहिला होता. झाकून ठेवलेला काढा थंड होऊन त्यावर साय आली होती.

"बाबा, पाठ दुखत असेल. कूस बदला."

ते वळले. तिच्याकडे बघितलं. हे जुनं बघणं होतं, रोग्याचा चेहरा वाचायचं, आणि क्षणभर तिला आशा वाटली.

"तू जागरणं करतेस," ते म्हणाले.

"तुमच्यामुळे."

"नाही. आधीपासूनची आहेत. डोळ्यांखाली दिसतंय." मग ते विझले. "तुझ्या गोळ्यांनी बोटं परत येतील?"

खोटं बोलावं असं तिला वाटलं. हॉस्पिटलच्या खिडकीतून ती रोज कितीतरी लोकांना धीर देत असे. पण या माणसाने तिला तोलायला शिकवलं होतं.

"नाही. बोटांचं मला माहीत नाही."

"मग कशाला?"

"आधी झोप येईल. मग भूक. मग तुम्हाला आईचा राग येईल, माझा येईल. बोटांचं काय ते राग आल्यावर ठरवू."

ते जवळजवळ हसले. "माझ्याकडे यायच्या ना, त्या बायका. मी त्यांना हेच सांगायचो. आधी झोप. अगदी हेच."

"मग?"

"मग काय. मला वाटायचं मला कळतंय त्यांना काय होतं ते." त्यांनी डाव्या हाताने उजवी बोटं दाबली, कुणा दुसऱ्याची असावीत तशी. "काही कळत नव्हतं मला. मी नुसतं कुंडीत पुरायला सांगत होतो. आता त्या सगळ्या जाता-येता माझ्या दाराकडे बघतील आणि म्हणतील, दुसऱ्यांना औषध देणारा बघा."

"म्हणू देत."

"तू आईसारखी बोलतेस आणि वर म्हणतेस की तुझं तिच्याशी पटत नाही."

तिने गोळी आणि पाणी पुढे केलं. त्यांनी मान हलवली. तिने पुन्हा पुढे केलं नाही. बाहेर पेइलान त्यांचे हफेचे कपडे काढत होती. कपाटाचं दार उघडून बंद होत होतं, पुन्हा उघडत होतं, कारण एकच सदरा ती बॅगेत घालून परत बाहेर काढत होती.

*

निंगश्वे सकाळी सगळ्यांच्या आधी उठली. बाळाला बांधलं, झाडू घेतला. निदान चौक तरी साफ करावा, म्हणजे सासऱ्यांना गाडीकडे जाताना ते बघावं लागणार नाही. स्टेशनवर नेणारी जीप चौकापलीकडेच येणार होती, गल्लीत शिरायला तिला जागा नव्हती.

चौकात ती थांबली. कालचा चोथा वाळून काळा झाला होता, कडेने कोंबड्यांनी उकरला होता. त्याच्या शेजारी दुसरा ढीग होता. ताजा, अजून ओला. पलीकडे तिसरा. शिंप्याच्या दुकानापुढे, पायरीच्या अगदी टोकाशी, चौथा, जणू टाकणाऱ्याला शेवटच्या क्षणी धीर झाला नव्हता. तिला मुळ्या ओळखता येत नव्हत्या. पण शिरीषाचं फूल आता तिला कळत होतं, उकळून उकळून तपकिरी झालेला केसाळ झुपका. तो प्रत्येक ढिगात होता.

सुन काकू भट्टी पेटवत होती. पाठमोरी. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचा मडकं घासलेला हात कोपरापर्यंत ओला होता.

निंगश्वे झाडू तिथेच टाकून घरात गेली. "आई, बाहेर चला. आधी बाहेर चला."

"आता काय सांडलंस?"

"मी नाही. बाकीच्यांनी."

पण तोवर उशीर झाला होता. वेइलान आणि वनलिन वनशानला दोन्ही बाजूंनी धरून दारातून बाहेर काढत होते. त्याने मान खाली घातली होती. गल्लीतून जाईपर्यंत ती वर करायची नाही असं त्याने ठरवलेलं दिसत होतं, आणि मान खाली असल्यामुळेच त्याला ते ढीग सगळ्यांच्या आधी दिसले.

तो थांबला. वनलिनने हलकेच ओढलं. तो हलला नाही.

"दादा, गाडी आलीय," वनलिन म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट त्याला. त्याच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नसावं.

वनशान खाली बसला. आधी एक गुडघा, मग दुसरा, पेइलानने इस्त्री केलेल्या विजारीसकट. डाव्या हाताने त्याने दुसऱ्या ढिगातला चोथा उचलला आणि नाकाशी नेला. मग एक बोर दाबून पाहिलं. निंगश्वेच्या छातीवर बाळ खडबडून जागं झालं आणि तिने त्याचं तोंड झाकलं नाही.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

"काय तुमचं?" पेइलान म्हणाली.

"हा काढ्याचा पाठ. हा मी लिहून दिला होता." त्याने आणखी एक चिमूट घेतली. "किती वर्षांपूर्वी. ही अजून तेच उकळतेय? एवढा छायहू? अगं, तेव्हा तिचा नवरा नुकताच गेला होता, तेव्हा हे ठीक होतं. आता हे घेऊन घेऊन ती आतून सुकून जाईल. माझ्याकडे परत का नाही आली?"

"फळ्या लावल्यात तुम्ही," वेइलान म्हणाली.

त्याने ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. तो तसाच गुडघ्यांवर तिसऱ्या ढिगाकडे सरकला होता. "आणि हे कुणी शिजवलं? ज्येष्ठमध पूर्ण गळून गेलंय. दोनदा उकळायचं म्हटलं की चार वेळा उकळतात. वनलिन, हे बघ. तुझ्या पुड्यांपेक्षा हे बरं, पण हे बघ काय केलंय."

"माझ्या पुड्यांत एक बरं असतं, दादा. जास्त उकळायची सोय नसते."

"पुडीवाल्या, तू गप्प बस. वास घे."

वनलिन त्याच्या शेजारी बसला आणि त्याने वास घेतला. दोन म्हातारे भाऊ चौकाच्या मधोमध जमिनीवर, एकमेकांच्या नाकाशी चोथा धरून. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाने हॉर्न वाजवायला हात नेला आणि काढून घेतला.

निंगश्वेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या रडत होत्या की त्यांना हसू येत होतं हे तिला ठरवता येईना. त्यांनी तिच्या दंडाला धरलं होतं, घट्ट, जवळजवळ दुखेल इतकं, आणि त्या दंड सोडत नव्हत्या.

"नाडी बघायला हवी," वनशान म्हणाला. मग त्याला आठवलं. उजवा हात त्याने मांडीवर पालथा ठेवला. त्याचा चेहरा पुन्हा मिटू लागला, आणि वेइलानला वाटलं, झालं, गेलं हे.

"मी बघतो नाडी," वनलिन म्हणाला. "बोटांना काय लागतंय ते सांगतो. औषध तुम्ही ठरवा. तसंही तुम्ही मला कधी ठरवू दिलं नाहीत."

"तुझं मधलं बोट जड आहे."

"मग बसा शेजारी आणि ओरडा."

वनशानने एकदा सगळ्या ढिगांवरून नजर फिरवली आणि डावा हात मुलीकडे केला. वेइलानला वाटलं, उठायचंय. तिने त्याला धरायला हात पुढे केला.

"उठव नको. गोळी दे."

तिला ती खिशात सापडेना, मग सापडली. पेइलान पाणी आणायला धावली. सुन काकूने भट्टीवरची आपली किटली त्याआधीच पुढे केली होती, तिच्याकडे न बघता. त्याने गोळी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं, गिळली.

"हिला काही चवच नाही," तो म्हणाला. "माणसाला कळणार कसं की औषध घेतलं?"

"हफेचं काय, बाबा?"

"तुझ्या डॉक्टरांकडे येईन. दाखवीन. राहणार नाही. आज नाही, आज काम आहे." त्याने मान वर केली आणि थेट सुन काकूकडे पाहिलं. ती तव्यावरची रोटी उलटायची विसरली होती. "हिला आधी घेऊ. सुनबाई, जा, तिला सांग. ती माझ्याशी इथे बोलायची नाही."

"काय सांगू, बाबा?"

"रोट्या विकून झाल्या की ये म्हणावं. उपाशी नको, थोडं खाऊन. आणि जीभ घासून येऊ नको म्हणावं, दरवेळी लख्ख घासून येते आणि मग मला काही दिसत नाही."